मुलांच्या फोनमधली सोशल मीडिया ॲप्स: खासगी माहिती कशी जपायची?

मुलाच्या फोनमध्ये इन्स्टाग्राम किंवा स्नॅपचॅट आलं की घरात पहिला वाद होतो तो वेळेवरून. किती तास बघतोस, अभ्यास कधी करतोस? वाद रास्त आहे, पण त्या गडबडीत दुसरा प्रश्न राहून जातो. या ॲपकडे मुलाची कोणकोणती माहिती गेली आहे आणि ती कुणाकुणाला दिसते? फोन नंबर, घराचं ठिकाण, गणवेशातले फोटो, मित्रांची यादी. रोजचा वापर अर्ध्या तासावर आणला तरी एकदा गेलेली माहिती तिथेच राहते.

खालचं काम एका रविवारी दुपारी उरकता येतं. अट एकच: मूल शेजारी बसलेलं हवं आणि फोन त्याच्याच हातात हवा. ते झोपल्यावर गुपचूप सेटिंग्ज बदलल्या, तर सकाळी ते पुन्हा होत्या तशा करून ठेवेल, आणि तेही तुमच्या निम्म्या वेळात.

पायरी 1: फोन कुणाच्या खात्यावर चालतो ते बघा

आपल्याकडे मुलांचा पहिला फोन बहुतेकदा आईचा किंवा बाबांचा जुना फोन असतो. सिमकार्ड बदलतं, गूगलचं खातं मात्र तेच राहतं. मग प्ले स्टोअरच्या लेखी तो फोन चाळिशीतल्या माणसाचा असतो, त्यामुळे वयाची कुठलीच आडकाठी येत नाही. शिवाय बाबांच्या खात्यातले सगळे नंबर त्या फोनवर उतरलेले असतात. मुलाने एखाद्या ॲपला 'कॉन्टॅक्ट्स वापरू दे' म्हटलं की बाबांच्या साहेबांपासून गॅसवाल्यापर्यंत सगळी यादी त्या कंपनीकडे पोहोचते.

म्हणून आधी फोटोंचा बॅकअप घ्या, बँकेची आणि यूपीआयची ॲप्स काढा, मग फोन फॅक्टरी रिसेट करा, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा करा, आणि मुलाच्या नावाचं वेगळं खातं काढा. मूल 13 वर्षांच्या आतलं असेल तर ते खातं गूगलच्या फॅमिली लिंकमधून काढावं लागतं. मग नवं ॲप उतरवायचं झालं की परवानगीची विचारणा तुमच्या फोनवर येते. आयफोन असेल तर फॅमिली शेअरिंगमध्ये मुलाचं खातं जोडा. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण ती टाळली तर पुढचं बरंचसं काम वाया जाईल.

पायरी 2: ॲपमध्ये जन्मतारीख काय टाकली आहे?

खरं पाणी इथे मुरतं. इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट आणि व्हॉट्सॲप, सगळ्यांची किमान वयाची अट 13 आहे. दहा वर्षांचं मूल खातं काढताना ही अट बघतं, बोटाने वर्षांचं चाक गरगर फिरवतं आणि जे थांबेल ते वर्ष निवडतं. 2000, 1995, कधी 1987. आपल्याला त्यात गंमत वाटते. पण त्या क्षणापासून कंपनीच्या हिशेबी तो प्रौढ माणूस झालेला असतो.

याचा तोटा काय, ते इन्स्टाग्रामवर नीट दिसतं. फेब्रुवारी 2025 पासून भारतात 18 वर्षांखालच्या मुलांसाठी 'टीन अकाउंट' आलं. त्यात खातं आपोआप खासगी असतं, ओळखीपाळखीबाहेरचे लोक मेसेज करू शकत नाहीत, रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद राहतात आणि दिवसाला तासभर झाला की आठवण येते. 16 वर्षांखालच्या मुलाला यातलं काही सैल करायचं असेल तर पालकांची परवानगी लागते. जन्मसाल 1995 असलेल्या खात्याला हे संरक्षण सहसा मिळत नाही. आपणच दार उघडं ठेवलेलं असतं.

तेव्हा इन्स्टाग्रामच्या सेटिंग्जमध्ये असलेल्या अकाउंट्स सेंटरमधल्या 'पर्सनल डिटेल्स'मध्ये जाऊन जन्मतारीख तपासा आणि खरी टाका. मूल 13 वर्षांच्या आतलं असेल तर खरी तारीख टाकल्यावर खातं बंद होऊ शकतं. माझ्या मते होऊ द्यावं. 'सगळ्या वर्गाचं आहे' हा मुद्दा घरात येणारच, त्याची तयारी ठेवा. फोटो जाऊ द्यायचे नसतील तर तारीख बदलण्याआधी त्याच अकाउंट्स सेंटरमधून आपली माहिती डाउनलोड करून घ्या.

कायदा काय म्हणतो, हेही इथेच सांगून टाकतो. आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल आहे. तिची माहिती घेण्याआधी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती हवी, आणि तिच्या वागण्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवायच्या नाहीत, असं त्याचं कलम 9 सांगतं. नोव्हेंबर 2025 मध्ये नियम निघाले तेव्हा कंपन्यांना या तयारीसाठी 18 महिने देण्यात आले. तोवर आपल्या हातात सेटिंग्ज आहेत.

पायरी 3: परवानग्या

अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज उघडा, प्रायव्हसीत जा आणि परमिशन मॅनेजर शोधा. कंपनीगणिक नावं थोडी इकडेतिकडे असतात, पण सेटिंग्जच्या वरच्या शोधचौकटीत 'परमिशन' टाइप केलं की सापडतं. तिथे कुठल्या गोष्टीला कोणकोणती ॲप्स हात लावू शकतात, याची यादी दिसते.

सुरुवात कॉन्टॅक्ट्सपासून करा. इथे फक्त मुलाची माहिती जात नाही. ज्यांना कुणी विचारलेलंही नाही अशा आजी, मावशी, शिक्षक, सगळ्यांची जाते. व्हॉट्सॲपला नावं दिसण्यासाठी ही परवानगी उपयोगी आहे, ती राहू द्या. इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅटला तिची काही गरज नाही, काढून टाका. याआधी यादी वर गेली असेल तर ॲपच्या आतल्या सेटिंगमध्ये कॉन्टॅक्ट्सची जोडणीही बंद करा. नुसती फोनमधली परवानगी काढून जुनी यादी पुसली जात नाही.

लोकेशन बंद. एखाद्या ॲपला खरंच हवं असेल तर 'ॲप वापरताना फक्त' हा पर्याय निवडा. अँड्रॉइड 12 पासून नेमकं ठिकाण न देता अंदाजे परिसर देण्याची सोय आहे, तीही वापरा. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये 'लोकेशन टॅग' असतो, तो वेगळा बंद करावा लागतो. तो चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्येच अक्षांश-रेखांश नोंदले जातात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवताना ही नोंद निघून जाते, पण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच पुढे जाते.

'फोन आपलं बोलणं चोरून ऐकतो आणि त्याच्याच जाहिराती दाखवतो,' ही शंका बहुतेक पालकांना असते. मला त्याची फारशी धास्ती वाटत नाही. मूल कुठल्या व्हिडिओवर किती सेकंद थांबलं, काय शोधलं, त्याचे मित्र काय बघतात, एवढ्यावरून त्याची आवड ओळखायला चोरून ऐकण्याची गरजच पडत नाही. तरी खात्री करायची असेल तर अँड्रॉइड 12 पासून माइक किंवा कॅमेरा चालू झाला की पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. ती ओळखायला मुलाला शिकवा.

शेवटी अँड्रॉइडच्या प्रायव्हसीतल्या 'ॲड्स' विभागात जाऊन जाहिरातींचा ओळखक्रमांक, म्हणजे ज्यावरून ॲप्स जाहिरातींसाठी फोन ओळखतात तो, डिलीट करा. आयफोनमध्ये प्रायव्हसीतल्या 'ट्रॅकिंग'मध्ये जाऊन ॲप्सना परवानगी मागण्याचीच मुभा बंद करा.

पायरी 4: आता एकेक ॲप

इन्स्टाग्रामवर खातं खासगी करा, पण तिथेच थांबू नका. खातं खासगी केलं म्हणून आधी घेतलेले फॉलोअर जात नाहीत. मुलाबरोबर यादी वर-खाली करा आणि प्रत्येक नावाला एकच प्रश्न विचारा: याला तू प्रत्यक्ष भेटला आहेस का? उत्तर 'गेममध्ये ओळख झाली' असं आलं तर ते नाव काढा. ओरडू नका, नाहीतर पुढची नावं खरी सांगितली जाणार नाहीत. प्रोफाइलमध्ये शाळा, इयत्ता, गाव आणि वाढदिवस एकत्र लिहिलेले असतील तर पुसा.

आणखी एक सापळा: लाइक्सचे आकडे तपशिलात दिसावेत म्हणून मुलं आपलं खातं 'प्रोफेशनल' करतात. सार्वजनिक झालेल्या अशाच बिझनेस खात्यांवर मुलांचे ईमेल आणि फोन नंबर उघड दिसत होते. त्यावरून आयर्लंडच्या माहिती संरक्षण आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये इन्स्टाग्रामला 40.5 कोटी युरोंचा दंड केला. मुलाचं खातं साध्या वैयक्तिक प्रकारात आहे ना, ते बघा.

स्नॅपचॅटवर काम थोडं आहे. नकाशा उघडून 'घोस्ट मोड' लावा, म्हणजे मुलाचं ठिकाण मित्रांना दिसत नाही, आणि 'मेसेज कोण पाठवू शकतं' हे फक्त मित्रांपुरतं ठेवा.

व्हॉट्सॲपमध्ये प्रायव्हसीत जाऊन प्रोफाइल फोटो आणि 'ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं' हे दोन्ही 'माय कॉन्टॅक्ट्स'वर आणा. अनोळखी नंबरांचे कॉल गप्प करण्याची सोय तिथेच आहे. 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून मुलाचं खातं दुसऱ्या कुणाच्या संगणकावर उघडं नाही ना तेही तपासा. सायबर कॅफेत किंवा मित्राकडे लॅपटॉपवर प्रोजेक्टची प्रिंट काढताना ते तसंच राहून जातं. राहता राहिला प्रश्न ग्रुपचा. शाळेच्या किंवा क्लासच्या ग्रुपवर मुलाचा नंबर सगळ्या सदस्यांना दिसतो, आणि त्यातल्या निम्म्यांना आपण ओळखतही नसतो. अशा ग्रुपवर नंबर तुमचा द्या.

पायरी 5: लक्ष किती ठेवायचं

इन्स्टाग्रामच्या 'सुपरव्हिजन'मध्ये आणि स्नॅपचॅटच्या 'फॅमिली सेंटर'मध्ये मुलाने गेल्या सात दिवसांत कुणाशी बोलणं केलं, ते पालकांना दिसतं. काय बोललं ते दिसत नाही. मला ही रेषा योग्य वाटते. चौदा वर्षांच्या मुलीचे मैत्रिणीला लिहिलेले मेसेज वाचणं आणि पूर्वी डायरी वाचणं यात फार अंतर नाही.

'मुलाला कळू न देता सगळं बघा' अशी जाहिरात करणारी ॲप्स मात्र चार हात लांब ठेवा. ती उतरवण्यासाठी बऱ्याचदा फोनचं सुरक्षा कवच बंद करायला सांगतात, आणि मुलाचे मेसेज, फोटो, ठिकाण सगळं तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर जमा होतं. म्हणजे रोग परवडला पण औषध नको. या धंद्यातल्या एमस्पाय या कंपनीकडचा ग्राहकांचा पत्रव्यवहार 2024 मध्ये बाहेर फुटला. लाखो लोकांनी मदतकक्षाला लिहिलेलं त्यात होतं.

पायरी 6: आपला स्वतःचा फोन

मुलाच्या फोनवर दोन तास खर्चून झाले की वीस मिनिटं आपल्या फोनला द्या. शाळेच्या फाटकापुढचा 'पहिला दिवस', केकवर वयाचा आकडा असलेला वाढदिवस, आंघोळीचे लहानपणीचे फोटो: मुलाबद्दल सर्वांत जास्त माहिती बहुधा आपणच बाहेर दिलेली असते.

एक उदाहरण अगदी आपल्या राज्यातलं. दहावी-बारावीच्या परीक्षेला निघताना हॉल तिकिटासकट फोटो स्टेटसला लागतो. राज्य मंडळाचा निकाल ऑनलाइन बघायला बैठक क्रमांक आणि आईचं नाव एवढंच लागतं. दोन्ही त्या तिकिटावर असतात. म्हणजे निकालाच्या दिवशी मुलाने स्वतः बघण्याआधी सोसायटीतल्या कुणीही त्याचे गुण बघून घ्यावेत, अशी व्यवस्था आपणच करून ठेवतो. जुन्या पोस्ट उघडा, मुलाला विचारा, त्याला नको असतील त्या काढा.

पायरी 7: फोटो बाहेर गेला किंवा कुणी धमकावतंय, तर

फोन हिसकावू नका. मूल आपल्याकडे येऊन सांगतंय, हीच यातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. चॅट पुसू नका. आधी स्क्रीनशॉट घ्या, मग ॲपमध्ये रिपोर्ट करा, मग ब्लॉक करा. पैसे मागत असतील तर एक रुपयाही देऊ नका. दिले की मागणी वाढते.

तक्रारीसाठी सायबर गुन्ह्यांची 1930 ही हेल्पलाइन आहे, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन हे सरकारी संकेतस्थळ आहे, आणि मुलांच्या मदतीसाठी 1098. फोटो नग्न किंवा तशा स्वरूपाचा असेल आणि मूल 18 वर्षांखालचं असेल, तर 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा वापरा. ती फोटो स्वतःकडे घेत नाही. फोनवरच त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि तेवढाच इन्स्टाग्राम, स्नॅपचॅटसारख्या सहभागी कंपन्यांना जातो. त्यावरून त्या कंपन्या तो फोटो शोधून काढू शकतात.

स्क्रीनशॉटसोबत समोरच्याच्या प्रोफाइलची पूर्ण लिंक, तारीख आणि वेळही कागदावर लिहून ठेवा. नुसतं नाव पुरत नाही, तक्रार पोहोचेपर्यंत ते बदललेलं असतं.