मागेल तेव्हा अंगावर पाजायचं, ते कसं?

मागेल तेव्हा पाजायचं म्हणजे घड्याळाकडे नाही, बाळाकडे बघायचं. दर तीन तासांनी दहा मिनिटं एका बाजूला, दहा दुसऱ्या, असा हिशेब कुणी लिहून दिला असेल तर तो कागद फाडून टाका. तान्ह्या बाळाला २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागतं, आणि या वेळा सारख्या अंतरानं येत नाहीत. दुपारी ते दोन-अडीच तास निजेल, संध्याकाळी दर अर्ध्या तासानं तोंड उघडेल.

जन्मल्यावर पहिल्या तासातच छातीला लावा, सिझर झालं असलं तरी. चीक थोडाच येतो, बाळाचं पोटही तेवढंच असतं. घुटी, साखरपाणी नको. मध तर वर्षाचं होईपर्यंत अजिबात नको, त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

भूक रडण्याआधी ओळखायची. बाळ मान इकडेतिकडे वळवतं, जीभ बाहेर काढतं, मुठी चोखतं. रडून लालबुंद झालेलं बाळ धड पकडच घेत नाही. म्हणून बाळ कायम हाताशी असावं, दुसऱ्या खोलीत पाळण्यात नाही.

लावताना बाळाचं पोट आपल्या पोटाला, नाक बोंडासमोर. तोंड जांभईएवढं उघडलं की बाळाला छातीकडे आणायचं, आपण वाकायचं नाही. नुसतं बोंड नाही, भोवतालचा काळसर भागही तोंडात गेला पाहिजे. दुखत राहिलं तर करंगळी घालून सोडवा आणि पुन्हा लावा. दात-ओठ खाऊन सोसू नका.

एक अपवाद आहे. सुरुवातीला काही बाळं, विशेषतः कावीळ झालेली, इतकी झोपाळू असतात की मागतच नाहीत. जन्माचं वजन परत येईपर्यंत अशा बाळाला तीन तासांहून जास्त निजू देऊ नका. लंगोट सोडा, तळवे चोळा, उठवून पाजा.

आता तो टप्पा, जिथं पाजणं बहुतेक घरांत मोडतं आणि जो मलाही सगळ्यात जड गेला: संध्याकाळ. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, आणि पुन्हा सहाव्याच्या सुमारास, बाळ दिवेलागणीला पिऊ लागतं ते रात्री दहापर्यंत थांबत नाही. पितं, डुलकी घेतं, खाली ठेवलं की किंचाळतं, पुन्हा ओढतं. नेमकी तेव्हाच घरात माणसं असतात. देवाकडे दिवा लावून सासूबाई येतात, शेजारची मावशी डोकावते, आणि कुणीतरी बोलतंच, "अगो, तुझ्या दुधानं पोट भरत नाही त्याचं. डब्याचं दे एक बाटली, रात्रभर निजेल."

बोलणारी मायेनंच बोलते. पण तिचं ऐकू नका. दूध साठवून ठेवलेलं नसतं, ते सतत तयार होत असतं. छाती जितकी रिकामी होते तितकं ते वेगानं बनतं. भरून राहिली की बनणं मंदावतं. संध्याकाळी वारंवार ओढून बाळ उद्याचं दूध वाढवून घेतं. त्या वेळी तुम्ही बाटली दिलीत की ओढणं थांबतं, छाती भरून राहते, दूध कमी बनतं, मग दुसरी बाटली लागते. महिन्याभरात "मला दूधच नव्हतं" असं बाळाची आई स्वतःच सांगू लागते. आणि बाटलीनंतर बाळ निजतं हा पुरावा नाही: पावडरचं दूध पचायला जड, म्हणून ते निजतं.

संध्याकाळी छाती मऊ लागते म्हणजे ती आटली असंही नाही. ताठरलेली छाती ही पहिल्या काही आठवड्यांची गोष्ट. पुढे दूध मागणीला जुळलं की ती मऊच राहते. पंपानं किती निघालं यावरूनही ठरवू नका, बाळ पंपापेक्षा जास्त ओढतं.

मग करायचं काय? पाचच्या आत पोटभर खाऊन घ्या. पाण्याचा तांब्या जवळ ठेवा आणि बसा, किंवा कुशीवर निजून पाजा. एक बाजू, मग दुसरी, मग परत पहिली. मोजू नका. रात्रीचं जेवण दुसऱ्या कुणीतरी रांधायचं, हे आधीच ठरवून घ्या. नवऱ्यानं ढेकर काढावी, बाळाला खांद्यावर घेऊन अंगणात फिरावं. चवथीला घर भरलेलं असेल तर आतली खोली तुमची, हे पाहुणे यायच्या आधीच सांगून ठेवा. ही तऱ्हा सहसा काही दिवसांत ओसरते.

पुरतंय की नाही, हे लंगोट आणि वजन सांगतात. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त ओले लंगोट हवेत. माझं ठाम मत: पहिला महिना कापडीच वापरा. डायपरमध्ये काही कळत नाही, आणि पावसाळ्यात लंगोट वाळत नाहीत ही अडचण दोन जास्तीचे डझन घेऊन सुटते. सुरुवातीला वजन थोडं उतरतं, दोन आठवड्यांत ते जन्माइतकं व्हायला हवं. तसं झालं नाही किंवा लघवी कमी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि पकडही तपासून घ्या. डॉक्टरांनी वजन बघून वरचं दूध सांगितलं तर ते द्यायचंच.

सहा महिने पाणी नको, मे महिन्यात घामाच्या धारा लागल्या तरी. उकाड्यात बाळ जास्त वेळा, थोडं थोडं पितं. तेच त्याचं पाणी.

तुम्ही पेज, नाचणी, शेवग्याचा पाला, सगळं खा. मासळी बंद करू नका. बांगडे, तारले उत्तम. मोरी (शार्क) मात्र टाळा, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो.

कामावर जाणाऱ्यांना पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे आणि नंतर मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज पाजण्यासाठी दोन सुट्ट्या. त्या हक्कानं मागा. काढलेलं दूध आपल्या हवेत बाहेर ठेवू नका, लगेच फ्रिजमध्ये. तिथं चार दिवस टिकतं.

सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू करा, पण दूध चालू ठेवा. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजायला सांगते. वर्षाच्या मुलाला मात्र थोडं थांबायला शिकवता येतं: बसमध्ये नाही, घरी गेल्यावर. चावलं तर ओरडू नका, ओढून काढू नका. छातीशी घट्ट धरा, ते आपोआप सोडतं. आजारपणात ते जेवण नाकारेल आणि अंगावर पीत राहील, तेव्हा खुशाल पिऊ द्या.

तोडायचं ठरवलंत तर कडुनिंब, मिरची लावून एका रात्रीत नको. एकेक वेळ कमी करत जा, आधी दुपारची, निजतानाची सगळ्यात शेवटी. मधल्या दिवसांत छाती ताठरली तर बरं वाटेपुरतंच पिळून काढा. लाल, दुखरी गाठ आणि ताप आला तर डॉक्टरकडे जा. त्या बाजूनं पाजणं मात्र थांबवू नका.