जखमेवर आयोडीन लावताना या चुका टाळा

ऊसतोडीच्या हंगामात सांगली जिल्ह्यात पलूस-वाळव्याकडं पायाला कोयता लागणं, पाचटानं हात चिरणं नेहमीचंच. कुणाच्या तरी पिशवीत पोव्हिडोन आयोडीनची बाटली असते आणि ते तपकिरी औषध माती-रक्तानं माखलेल्या जखमेवर तसंच ओतलं जातं. सगळ्यात मोठी चूक हीच. रक्त, पू आणि घाण यांच्यातच आयोडीनचा जोर संपतो, जंतूंपर्यंत पुरेसं पोचतच नाही. आधी साबण आणि स्वच्छ वाहत्या पाण्यानं जखम धुवा. पाटाचं पाणी नको, पिण्याचं वापरा. मग औषध लावून दोन मिनिटं वाळू द्या. लगेच पुसून टाकलं तर काय उपयोग? तपकिरी रंग फिका पडला की आयोडीन खर्ची पडलं असं समजा आणि पुन्हा लावा.

सांगली हळदीचं गाव, त्यामुळं जखमेत हळद दाबायचा मोह कुणालाही होतो. पण पूड आत बसली की जखम साफ करणं अवघड, वर लावलेलं आयोडीनही तिच्यातच जिरतं. रक्त थांबवायला स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, तेवढं पुरतं. तरी थांबलं नाही तर दवाखाना.

मेडिकलमध्ये नुसतं 'आयोडीन द्या' म्हणू नका. जखमेसाठी ५ किंवा १० टक्क्यांचं द्रावण घ्या. ७.५ टक्क्यांचं फेसाळणारं स्क्रब हात आणि जखम नसलेली कातडी धुण्यासाठी असतं, उघड्या जखमेत ते नको. जुनं टिंक्चर आयोडीन झोंबतं ते त्यातल्या अल्कोहोलमुळं. झोंबलं म्हणजे लागू पडलं, असं काही नसतं. आणि वापरलेला बोळा बाटलीच्या तोंडाला टेकवू नका.

जखम भरायला लागल्यावरही रोज लावत राहिलात तर नव्या पेशींना त्रास होतो. आयोडीन कातडीतून अंगात शोषलं जातं, म्हणून थायरॉईडचा आजार, गरोदरपण, तान्हं बाळ किंवा मोठी भाजलेली जागा असेल तर डॉक्टरांना विचारूनच लावा. मधुमेह्याच्या पायाची जखमही घरी निस्तरू नये.

गंजका खिळा खोल रुतला तर वरच्या औषधानं धनुर्वात टळत नाही, इंजेक्शनचं विचारा. कुत्रं चावलं तर साबणानं १५ मिनिटं धुऊन आयोडीन लावा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी सरकारी दवाखाना गाठा.