एरोसोलमधल्या आम्ल-उत्प्रेरित अभिक्रिया: या चुका टाळा

एरोसोल म्हणजे हवेत तरंगणारे सूक्ष्म कण. सल्फ्युरिक आम्ल असलेल्या बीजकणांवर (ज्यांच्यावर पुढे सेंद्रिय द्रव्य साचतं त्या सुरुवातीच्या कणांवर) आल्डिहाइडची बाष्पं सोडली की कणांचं वस्तुमान वाढतं, हे म्योसन जँग, रिचर्ड कामेन्स आणि सहकाऱ्यांनी २००२ साली 'सायन्स'मध्ये दाखवलं. तेव्हापासून चेंबरमध्ये (अशा प्रयोगांच्या बंद कक्षात) सेंद्रिय एरोसोल जास्त बनला की 'आम्लामुळे' असं लिहून मोकळं व्हायची सवयच लागली आहे. पण आम्ल वाढवलं की कणातलं पाणी बदलतं, कण द्रव राहील की घन होईल हे बदलतं, कधी सल्फेटही बदलतं. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ यातच आहे.

फिल्टर पाण्यात बुडवून पीएच मोजणं. सर्वांत जास्त दिसणारी आणि सर्वांत फसवी चूक. साधा हिशोब करून बघा. २० घनमीटर हवा फिल्टरमधून ओढली आणि हवेत कणांसोबतचं द्रव पाणी घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅम होतं, असं धरू. म्हणजे फिल्टरवर पाणी २०० मायक्रोग्रॅम, जेमतेम ०.२ मायक्रोलिटर. ते तुम्ही १० मिलिलिटर पाण्यात काढलंत, तर ५०,००० पट विरलं. कणात पीएच १ असेल तर या अर्कात तो ५.७ च्या आसपास येतो. आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरलेल्या आसुत पाण्याचा पीएच किती? सुमारे ५.६! शिवाय विरल्यावर बायसल्फेट (एक प्रोटॉन धरून असलेलं सल्फेट) आपले प्रोटॉन सोडतं ते वेगळंच. अर्काच्या आकड्यावरून कणाच्या पीएचपर्यंत परत जायचा सरळ रस्ता नाही.

आयनांच्या वजाबाकीतून आम्लता काढणं. सल्फेट आणि नायट्रेटमधून अमोनियम वजा करायचं आणि उरलं ते हायड्रोजन आयन म्हणायचं. दोन मोठ्या आकड्यांमधला छोटासा फरक हा, आयन क्रोमॅटोग्राफची चूक त्याहून मोठी असू शकते. त्यातही हा फरक हवेच्या घनमीटरमागे मिळतो. पीएचसाठी कणातलं पाणीही लागतं. इसोरोपिया किंवा ई-एआयएम सारखं, कणातलं पाणी आणि पीएच समतोलावरून काढणारं संगणकीय प्रारूप वापरा, पण त्याला वायुरूप अमोनिया, तापमान आणि आर्द्रता द्या. नुसती कणांतली आयनं दिलीत तर तीच वजाबाकी प्रारूपाच्या आडून परत येते. अमोनिया मोजलेला नसेल तर घाबरून जाऊ नका. तो दहापट बदलला तरी पीएच साधारण एका एककाने हलतो. अंदाज घाला, फक्त तो अंदाज आहे हे लिहा.

कोरड्या अमोनियम सल्फेटशी तुलना करणं. एका चेंबरमध्ये अमोनियम सल्फेटचे कण, दुसऱ्यात आम्ल मिसळलेले, दोन्हीकडे आर्द्रता कमी. दुसरीकडे वस्तुमान जास्त भरलं. निष्कर्ष? थांबा. अमोनियम सल्फेट साधारण ३५ टक्के आर्द्रतेखाली स्फटिक होतं आणि पुन्हा विरघळायला जवळपास ८० टक्के आर्द्रता मागतं. सल्फ्युरिक आम्ल मात्र कितीही कोरड्या हवेत थोडं पाणी धरून ठेवतं. म्हणजे तुम्ही आम्ल आणि तटस्थ यांची नाही, तर द्रव आणि घन यांची तुलना केलीत. बाष्प स्फटिकात विरघळणार तरी कुठे? दोन्ही बीजकण ओले ठेवा: फवारल्यानंतर कोरडे करू नका आणि चेंबरची आर्द्रता स्फटिकीकरणाच्या वर ठेवा. सल्फेट तेवढंच ठेवून आम्ल आणि अमोनियमचं प्रमाण बदलत गेलात तर उत्तम.

सगळ्या संयुगांना एकच नियम लावणं. आयसोप्रीनपासून बनणाऱ्या इपॉक्सीडायॉलच्या बाबतीत आम्लाचा परिणाम स्वच्छ दिसतो. प्रोटॉनमुळे इपॉक्साइडचं वलय उघडतं. त्यावर पाणी आलं तर मिथाइलटेट्रॉल, सल्फेट आलं तर ऑर्गॅनोसल्फेट. इथेही सल्फेट स्वतः अभिक्रियेत भाग घेतं, तेव्हा सगळं श्रेय पीएचला देऊ नका. ग्लायऑक्सलची तऱ्हा निराळी. अमोनियमबरोबर त्याचे इमिडाझोल बनतात, त्याला मुक्त अमोनिया लागतो. आम्ल वाढवलं तर ही वाट उलट मंदावते. हायड्रेट आणि हेमिअॅसिटल तर परतणाऱ्या अभिक्रिया, उत्प्रेरक त्यांचा समतोल हलवत नाही, फक्त लवकर गाठून देतो. फिल्टर वाळत गेला की पाणी उडतं आणि समतोल ऑलिगोमरकडे (काही रेणू जोडून बनलेल्या मोठ्या रेणूंकडे) सरकतो, मग जे हवेत नव्हतं ते नमुन्यात सापडतं. आल्डॉल संघननाचे ६० टक्क्यांहून जास्त सल्फ्युरिक आम्लात मोजलेले वेग जमिनीलगतच्या ओल्या कणांना लावणं ही याच जातीची चूक.

नमुन्यातच उत्पादन तयार करणं. मिथेनॉलमध्ये अर्क काढलात तर कार्बोक्सिलिक आम्लांचे एस्टर आणि कार्बोनिलचे अॅसिटल बनू शकतात, आणि मास स्पेक्ट्रममध्ये ते ऐटीत बसतात. संशय असेल तर तोच फिल्टर अॅसिटोनायट्राइलमध्ये काढून बघा. गॅस क्रोमॅटोग्राफीची उष्णता आणखी वाईट: आयसोप्रीनच्या नमुन्यांत दिसणाऱ्या पाच कार्बनच्या अल्कीनट्रायॉलचा बराच भाग ऑर्गॅनोसल्फेट तापून फुटल्याने येतो. ही संयुगं द्रव क्रोमॅटोग्राफीनेच तपासा.

आता उलट तक्रार: आम्ल घातलं, तरी काहीच वाढलं नाही. आधी अमोनिया शोधा. तो माणसांच्या श्वासातून येतो, खोलीच्या हवेत असतोच, आणि बीजकण चेंबरमध्ये पोहोचेपर्यंत त्यांचं आम्ल अर्धंमुर्धं मारून टाकू शकतो. उघडा ठेवलेला फिल्टरही त्यातून सुटत नाही. बीजकण चेंबरमध्ये नेणाऱ्या नळीच्या आधी आम्ल लावलेला डिन्यूडर (अमोनिया वायू शोषून कण पुढे जाऊ देणारं साधन) बसवा. मग भिंती बघा: टेफ्लॉनची भिंत बाष्प शोषून घेते आणि कणांना मिळायला हवं ते तिकडेच जातं. तेही ठीक निघालं, तर कणावर आधीच सेंद्रिय थर चढलाय का ते तपासा. असा थर घट्ट असेल तर इपॉक्सीडायॉल आतल्या आम्लापर्यंत पोहोचायलाच वेळ लागतो, म्हणून ताज्या, थर नसलेल्या बीजकणांवर तोच प्रयोग एकदा करून फरक बघा.