पाडवा ते पाडवा : स्वतंत्र व्यंगचित्रकाराचे पहिले वर्ष

गेल्या गुढीपाडव्याला मी एका जाहिरात संस्थेतील नोकरी सोडली आणि केवळ व्यंगचित्रांवर वर्ष काढायचे ठरवले. या पाडव्याला हिशेबाची वही उघडली तेव्हा पूर्ण केलेल्या 140 चित्रांपैकी 38 छापून आलेली दिसली, आणि त्यांतील 11 चित्रांचे मानधन अजून यायचे आहे. चित्र कसे काढावे हे नवोदितांना सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु चित्र देण्याची वेळ आणि पैसे येण्याची वेळ यांत किती महिने जातात, हे कोणी आधी सांगितले असते तर माझा पहिला पावसाळा इतक्या ओढाताणीत गेला नसता.

का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने 1909 मध्ये दिवाळी अंकाची प्रथा पाडली, आणि मराठी व्यंगचित्रकाराचे वर्ष आजही बऱ्याच अंशी याच अंकांभोवती फिरते. संपादकांची निमंत्रणे साधारणतः मे-जूनमध्ये निघतात, चित्रे जुलै-ऑगस्टमध्ये द्यावी लागतात, अंक दिवाळीच्या तोंडावर येतो आणि मानधन मात्र जाहिरातींची वसुली झाल्यावर, म्हणजे बहुधा संक्रांतीनंतर हाती पडते. मी नमुने पाठवले ते गणपती उठल्यावर. उत्तरे सौजन्यपूर्ण आली आणि त्या सर्वांचा अर्थ ‘पुढच्या वर्षी’ असाच होता.

या वेळापत्रकाचा परिणाम विनोदावरही होतो. जुलैत काढलेले राजकीय चित्र दिवाळीत वाचले जाते आणि तोपर्यंत त्यातील मंत्री दुसऱ्या पक्षात गेलेला असू शकतो; माझी 2 चित्रे अशीच बाद झाली. पुणे मराठी ग्रंथालयात बसून जुने अंक चाळताना शि. द. फडणीस यांच्या शब्दविरहित हास्यचित्रांचे मोल मला नव्याने कळले. एकाच्या कपड्यांवर उंदरांची आणि दुसऱ्याच्या कपड्यांवर मांजरांची नक्षी असलेले तरुण-तरुणी बसथांब्यावर शेजारी उभे आहेत, एवढ्यावर उभे असलेले ‘मोहिनी’ मासिकाचे मुखपृष्ठ समजायला ना बातमी ठाऊक असावी लागते, ना तारीख. दैनिकासाठी काढायचे चित्र आणि दिवाळी अंकासाठी काढायचे चित्र यांच्या वह्या मी तेव्हापासून वेगळ्या ठेवल्या.

छपाईबाबत दोनच गोष्टी सांगतो. ए-4 कागदावर बारीक रेघांनी भरलेली छाया एका स्तंभाच्या रुंदीत छापली की शाईने बुजून काळा डाग होतो, म्हणून चित्र पाठवण्यापूर्वी ते छापायच्या आकारात प्रत्यक्ष कागदावर छापून पाहावे. चित्राखालची ओळही चित्राचाच भाग करून द्यावी, कारण संपादकीय विभागातील संगणकावर वेगळा फाँट असेल तर जोडाक्षरांची वाताहत होते. ऱ्हस्व-दीर्घ मात्र स्वतः तपासावे. पुण्यातील वाचक विनोदाला एक वेळ क्षमा करतो, वेलांटीला करत नाही.

घरभाडे भरले ते लग्नसमारंभांतील अर्कचित्रांनी, आणि हक्कांचा धडाही तिथेच मिळाला. एका दांपत्याचे मी काढलेले अर्कचित्र माझ्या प्रदर्शनाच्या पत्रकावर छापायचे होते, तेव्हा एका वकील मित्राने थांबवले. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार सामान्यतः कलाकृतीचा पहिला मालक तिचा कर्ताच असतो. परंतु मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या व्यक्तिचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते काढून घेणारा ठरतो. याउलट, मी आपणहून काढून एका नियतकालिकाला दिलेले चित्र त्यांनी न विचारता कॅलेंडरवरही छापले, तेव्हा हाच कायदा माझ्या बाजूचा होता, कारण हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह असल्याखेरीज वैध नसते. शिवाय अशा लेखी करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षे धरली जाते. मी भांडलो नाही, कलमाचा उल्लेख करून सभ्य पत्र लिहिले आणि तीन आठवड्यांत दुसरे मानधन आले. आता प्रत्येक चित्रासोबत ‘एकदाच प्रसिद्धीसाठी’ ही ओळ आणि मानधनाची रक्कम मी ईमेलमध्ये लिहितोच.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, विनाशुल्क आहे आणि ती करून ठेवावी, कारण सूक्ष्म उद्योगाची देणी जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकती करण्याचे बंधन 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने ग्राहक संस्थेवर घातले आहे. छोट्या दिवाळी अंकाच्या संपादकाला हे कलम दाखवण्याचे धैर्य मात्र मला अजून झालेले नाही. तो स्वतःच कर्ज काढून अंक काढत असतो.

यंदा चैत्रातच 6 संपादकांकडे नमुने गेले आहेत आणि दोघांनी विषयही कळवले आहेत. त्यांतील एक ‘पुणेकर आणि हेल्मेट’ असा असून, तो दिवाळीपर्यंत शिळा होण्याची मला मुळीच धास्ती वाटत नाही.