होमर वाचताय? मग होमवर्क करताना या चुका टाळा

माझी इलियडवरची, म्हणजे होमर या प्राचीन ग्रीक कवीच्या ट्रॉयच्या युद्धावरच्या महाकाव्यावरची, पहिली असाइनमेंट परत आली तेव्हा तिच्यावर लाल पेनाने दोनच शब्द लिहिलेले होते, "कुठली ओळ?" मी चार पानं लिहिली होती आणि त्यातला एक अख्खा पॅराग्राफ ग्रीकांचा सगळ्यात मोठा वीर अकिलीस याच्या टाचेवर होता, म्हणजे आईने त्याला नदीत बुडवलं, टाच तेवढी कोरडी राहिली, तिथेच बाण लागला वगैरे. रात्रभर पुस्तक चाळलं, ती ओळ काही सापडली नाही, कारण ती इलियडमध्ये नाहीच. अकिलीस इलियडमध्ये मरतही नाही. उलट एकविसाव्या सर्गात अ‍ॅस्टेरोपायस नावाचा योद्धा एकाच वेळी दोन्ही हातांनी दोन भाले फेकतो आणि त्यातला एक अकिलीसच्या उजव्या हाताला घासून जातो, चांगलं रक्त येतं. अंगाला शस्त्र न लागणारा माणूस असा रक्तबंबाळ होत नाही ना.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, की गोष्ट आधीच माहिती आहे म्हणून पुस्तक वाचल्यासारखं वाटणं. ज्यात लपून ग्रीक ट्रॉयमध्ये शिरले तो लाकडी घोडा इलियडमध्ये नाही. ट्रॉय पडल्याचंही नाही. युद्धाच्या दहाव्या वर्षातले जेमतेम पन्नासेक दिवस, त्यातही प्रत्यक्ष लढाईचे थोडेच, आणि शेवट ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यसंस्काराने. घोड्याची गोष्ट येते ती ओडिसीत, म्हणजे ओडिसियस या ग्रीक वीराच्या घरी परतण्यावरच्या होमरच्या दुसऱ्या महाकाव्यात, चौथ्या आणि आठव्या सर्गात, आणि सविस्तर वाचायची तर रोमन कवी व्हर्जिलच्या इनिडमध्ये दुसऱ्या सर्गात. आपल्याकडे हेच लक्ष्मणरेषेचं होतं, सगळ्यांना पाठ आहे पण वाल्मीकी रामायणात ती नाही, किंवा द्रौपदीचं ते "आंधळ्याचा मुलगा आंधळा" हे वाक्य, महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत शोधायला जा, मिळत नाही. यावर उपाय साधा आहे, वाचायला बसायच्या आधी एका कागदावर "मला काय काय माहिती आहे" ते सगळं लिहून काढा आणि वाचताना जे भेटेल त्यापुढे सर्ग-ओळ टाका. शेवटी ज्यापुढे आकडा नाही ते निबंधात येणार नाही. मी अजूनही हे करते आणि अजूनही दोन-तीन गोष्टी बिनआकड्याच्या राहतात.

दिवसाला एक सर्ग हा प्लॅन का फसतो

इलियडचे सर्ग 24, ओळी 15 हजार सहाशेच्या वर. ओडिसीचेही 24 सर्ग, ओळी 12 हजारांच्या थोड्या वर. मुलं काय करतात, चोवीस दिवस चोवीस सर्ग असं टाइमटेबल भिंतीवर लावतात, पण पाचवा सर्ग 909 ओळींचा आहे आणि एकोणिसावा 424, म्हणजे पाचव्या दिवशी दुप्पट काम येतं, ते राहतं, मग सहावा राहतो आणि नवव्या दिवशी माणूस यूट्यूबवर समरी बघत बसतो. त्यापेक्षा ओळींनी भागा. चार आठवडे असतील तर इलियडला रोज पावणेसहाशे ओळी पुरतात. मध्येच थांबलं तरी चालतं, फक्त कोणाचं भाषण चालू असताना थांबू नका, दुसऱ्या दिवशी कोण कोणाला बोलतंय तेच आठवत नाही.

आणि बरेच जण दुसऱ्या सर्गातच गळतात. जहाजांची यादी! अडीचशेच्या वर ओळी, 29 तुकड्या, बेरीज केली तर 1186 जहाजं, गावांची नावं संपता संपत नाहीत. ही पाठ करायची नसते हो. महत्त्वाच्या चार-पाच वीरांची गावं आणि जहाजं टिपून घ्या आणि पुढे सरका, फक्त प्रोटेसिलाउसपाशी एक मिनिट थांबा, ट्रॉयच्या किनाऱ्यावर सगळ्यात आधी उडी मारणारा आणि सगळ्यात आधी मेलेला तो, मागे बायको आणि अर्धवट राहिलेलं घर. यादीत असं काहीतरी मध्येच येतं म्हणून पानं एकदम उलटू नका, नजर तरी फिरवा.

नावांचा घोळ

अकियन, आर्गिव्ह, डॅनअन हे तीन वेगळे देश आहेत असं समजून एकाने तीन पक्षांचं युद्ध लिहून आणलं होतं. तिन्ही म्हणजे ग्रीकच. पॅरिस आणि अलेक्झांड्रोस एकच माणूस, ट्रॉय आणि इलियन एकच शहर, एजॅक्स मात्र दोन आहेत. अ‍ॅट्रिडीज म्हणजे अ‍ॅट्रियसचा मुलगा, हे ग्रीकांचा सेनापती आगामेम्नॉनलाही चालतं आणि त्याचा भाऊ मेनेलाउसलाही. आपल्याला खरं तर याची सवय असायला हवी, पार्थ, धनंजय, गुडाकेश म्हटलं की आपण गोंधळतो का, आणि नुसतं कौंतेय म्हटलं तर कुठला ते आपण आजूबाजूच्या ओळींवरून ओळखतोच. पुस्तकाच्या मागच्या कव्हरच्या आत एक चिठ्ठी चिकटवा, एका बाजूला माणूस, दुसऱ्या बाजूला त्याची सगळी नावं. पंधरा माणसं पुरेत, बाकीचे बरेचसे आले की मरतातच.

"हे आधी वाचलंय" म्हणून पान उलटणं

यावर मी जास्त बोलणार आहे कारण मार्क खरे इथे जातात. होमरमध्ये तीच वाक्यं पुन्हा पुन्हा येतात, "चपळ पायांचा अकिलीस", "गुलाबी बोटांची उषा", निरोप असेल तर निरोप्या तो शब्दशः परत सांगतो. कारण हे काव्य गाऊन ऐकवणाऱ्यांच्या परंपरेतून आलेलं आहे. मिल्मन पॅरी नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1933 ते 1935 मध्ये युगोस्लाव्हियात जाऊन तिथल्या गायकांच्या गाण्यांची रेकॉर्डिंग केली, त्यातला अवदो मेजेदोविच तर लिहिता-वाचता न येणारा, आणि त्याने सांगितलेलं एक गाणं 12 हजार ओळींच्या वर गेलं. छंदात बसलेले तयार तुकडे हाताशी असल्याशिवाय हे असं उभ्या उभ्या जमत नाही. इथपर्यंत सगळ्या नोट्समध्ये असतं. चूक पुढे होते, मुलं लिहितात की पुनरावृत्ती फक्त गायकाच्या सोयीसाठी आहे, आणि मग ती वाचतच नाहीत.

आता इलियडचा नववा सर्ग उघडा. आगामेम्नॉनने ब्रिसिइस ही युद्धात मिळालेली बाई काढून घेतली म्हणून अकिलीस रुसून बसलाय, ग्रीक मार खातायत, आगामेम्नॉनला शेवटी अक्कल येते आणि तो काय काय देणार त्याची यादी सांगतो, सात तिवया, दहा टॅलेंट (हे वजनाचं माप) सोनं, वीस हंडे, बारा घोडे, लेस्बॉसच्या सात बायका, शिवाय ब्रिसिइस परत, पुढे स्वतःची मुलगी, सात शहरं. मग ओडिसियस अकिलीसच्या तंबूत जाऊन हीच यादी जवळजवळ जशीच्या तशी म्हणतो. इथे वाचणारा म्हणतो, झालं की हे, आणि पस्तीस ओळी सोडतो. सोडू नका. दोन्ही पानांवर एकेक बोट ठेवा आणि ओळीला ओळ लावून बघा. आगामेम्नॉनचं बोलणं यादीवर संपत नाही, त्याला चार ओळींचं शेपूट आहे (9.158 ते 161), त्यात तो म्हणतो की अकिलीसने आता नमावं, हेडीस, म्हणजे मृतांच्या जगाचा देव, कोणापुढे नमत नाही म्हणून तर सगळ्यांना त्याचा तिटकारा, आणि माझ्यापुढे वाकावं कारण मी जास्त मोठा राजा आहे आणि वयानेही मोठा आहे. ओडिसियस हे शेपूट गुपचूप कापतो. त्याजागी स्वतःचं घालतो, की बाबा आगामेम्नॉनचा राग असेल तर असू दे, निदान बाकीच्यांची दया कर, आणि हेक्टरला मारायची संधी आहे बघ.

आणि अकिलीसचं उत्तर काय? सुरुवातीलाच, 9.312 ला, तो म्हणतो की मनात एक आणि ओठावर एक असा माणूस मला हेडीसच्या दारांइतका नकोसा वाटतो. त्याने ती चार ओळींची भाषा ऐकलेली नाही, तरी त्याच्या तोंडी हेडीसच येतो! हे तो आगामेम्नॉनबद्दल बोलतोय, ओडिसियसबद्दल बोलतोय, की मी स्वतः आता स्पष्ट बोलणार एवढंच सांगतोय, यावर वर्गात तासभर भांडण होऊ शकतं. समरीत या सगळ्याचं एक वाक्य होतं, "ओडिसियस आगामेम्नॉनचा निरोप सांगतो." वाक्य चूक नाही, पण त्यावर निबंध काय लिहिणार.

म्हणजे रिपीट आलं की पेन्सिल घ्यायची. काय बदललं, काय गळलं, काय नवीन घुसलं. आणि विशेषणांचंही तसंच, पहिल्या सर्गाच्या शेवटाकडे अकिलीस जहाजांपाशी रागाने नुसता बसलेला आहे आणि तिथेही कवी त्याला चपळ पायांचाच म्हणतो. छंदाची गरज म्हणा किंवा टोमणा म्हणा, माझं मत रोज बदलतं, पण थांबून विचार केला हे पेपरात दिसलं पाहिजे.

कोण बोलतंय ते न बघणं

इलियडचा जवळपास निम्मा भाग पात्रांची भाषणं आहेत आणि ओडिसीत तर अजून जास्त. तरी निबंधात लिहिलेलं असतं "होमर म्हणतो". होमर नाही म्हणत, म्हातारा ग्रीक राजा नेस्टर म्हणतो, आणि नेस्टरला आपल्या तरुणपणाच्या गोष्टी सांगायची खोड आहे. ओडिसीत हे फारच महागात पडतं. एकडोळ्या राक्षस सायक्लॉप्स, जादूगारीण सर्सी, गाण्याने भुलवणाऱ्या सायरन्स, ज्यासाठी सगळे ओडिसी वाचायला घेतात तो भाग नऊ ते बारा सर्गांत आहे आणि तो अख्खा ओडिसियस स्वतः सांगतोय, फिएशियन लोकांच्या मेजवानीत, ज्यांच्याकडून त्याला घरी जायला जहाज हवंय. हाच माणूस पुढे अथीना देवीला, डुकरं राखणाऱ्या युमेयसला आणि खुद्द बायकोला मी क्रीटचा अमुक म्हणून बिनदिक्कत थापा मारतो. लगेच "मग सगळं खोटंच" असं लिहून मोकळे होऊ नका, ही उलट बाजूची चूक झाली, कारण सायक्लॉप्सचा डोळा फोडल्याचं पहिल्या सर्गात देवांचा राजा झ्यूस स्वतः बोलतो. पण प्रत्येक भाषणापुढे मार्जिनमध्ये तीन शब्द लिहा, कोण, कोणाला, कशासाठी. हे केलं तर नोट्सची वही वेगळी नाही ठेवली तरी चालते.

उपमा गाळण्याबद्दल पण हेच. "सिंह मेंढरांवर पडावा तसा" असल्या पन्नास उपमा वाचून कंटाळा येतो हे मान्य, पण ओडिसी आठवा सर्ग बघा, आंधळा गायक डेमोडोकस घोड्याची गोष्ट गातो, ती फर्माईश ओडिसियसनेच केलेली, आणि गाणं ऐकून तो रडायला लागतो, कसा, तर शहर वाचवताना पडलेल्या नवऱ्याच्या अंगावर पडून आक्रोश करणाऱ्या बाईसारखा, जिच्या पाठीत मागून शत्रू भाले टोचतायत आणि गुलाम म्हणून ओढून नेतायत. ट्रॉयच्या बायकांचं हे ज्याने केलं त्यालाच त्या बाईची उपमा. नोट्समध्ये "ओडिसियस रडतो" एवढंच लिहिलंत तर हे सगळं गेलं.

देवांचं थोडक्यात. "देवांनी करवलं, माणसाचा दोष नाही" हे वाक्य लिहायचा मोह झाला की इलियडचा एकोणिसावा सर्ग वाचा, आगामेम्नॉन तिथे तेच म्हणतो, झ्यूसने माझी बुद्धी हिरावली, दोष माझा नाही, आणि लगेच पुढे भरपाई मात्र स्वतः द्यायला तयार होतो. दोन्ही एकत्र असतं.

ओळींचे आकडे आणि अनुवाद

गद्य अनुवाद पटकन वाचून होतो पण त्यात अनेकदा ओळींचे आकडे नसतात, मग "पान 143" असं लिहिलं जातं, जे दुसऱ्याच्या पुस्तकात भलतंच पान असतं. सर्ग आणि ओळ द्या, 6.146 म्हणजे सहावा सर्ग, एकशे सेहेचाळिसावी ओळ. सावध राहा, काही पद्य अनुवादांत मार्जिनमधले आकडे त्या अनुवादाच्या ओळींचे असतात, मूळ ग्रीकचे नाही, प्रस्तावनेत तसं सांगितलेलं असतं आणि प्रस्तावना कोणी वाचत नाही. आणि एखाद्या शब्दावर अख्खा युक्तिवाद उभा करणार असाल तर आधी दुसरा एखादा अनुवाद उघडून तोच शब्द तिथे आहे का बघा. नसेल तर तुम्ही अनुवादकावर निबंध लिहिताय.

उद्याच सबमिशन आहे आणि वाचलेलं काहीच नाही?

असं होतं, मला लेक्चर द्यायचं नाही. "इलियडमधील शौर्य" असला विषय मात्र घेऊ नका, त्यात सगळं येतं म्हणून काहीच येत नाही. पहिला सर्ग वाचा, नववा वाचा, सोळावा आणि बाविसावा भरभर, आणि उरलेला सगळा वेळ चोविसाव्याला द्या, जमलं तर दार लावून मोठ्याने वाचा, हेक्टरचा बाप, ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम रात्री अकिलीसच्या तंबूत शिरतो तिथपासून. ज्या हातांनी त्याची मुलं मारली त्या हातांचं तो चुंबन घेतो, दोघं रडतात, मग अकिलीस त्याला जेवायचा आग्रह करतो आणि सांगतो की बारा मुलं गेलेल्या निओबीलासुद्धा शेवटी अन्नाची आठवण झालीच. हाच अकिलीस एकोणिसाव्या सर्गात मेलेला जिवलग मित्र पॅट्रोक्लस याच्या दुःखात अन्नाला शिवायला तयार नव्हता, सगळे मागे लागले तरी. ती दोन्ही पानं समोरासमोर ठेवा, कोण कोणाला जेव म्हणतंय ते लिहा, आकडे टाका. दोन पानांची असाइनमेंट त्यात होऊन जाते आणि टाचेची गरज पडत नाही.