फ्यूज मोठा करू नका, लोड कमी करा

कारखान्याच्या मेंटेनन्समधून निवृत्त झाल्यापासून आमच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या जुन्या गाड्यांचं वायरिंग माझ्याकडेच येतं. पाऊस लागला की वायपर, ब्लोअर, हेडलाइट सगळं एकदम चालू होतं आणि ठरलेला प्रश्न येतो: "काका, 15 चा फ्यूज सारखा उडतोय, 30 चा टाकू का?"

नाही. फ्यूज असतो तो वायर वाचवायला. 15 अँपिअरच्या हिशेबाने ओढलेल्या वायरवर 30 चा फ्यूज बसवलात की फ्यूज शाबूत राहील आणि वायर जळेल, तीही डॅशबोर्डमागे, जिथे हात पोचत नाही. फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणाऱ्यांची गाडी मी हातात घेत नाही.

आधी बघा, फ्यूज उडतो केव्हा? बटण दाबताक्षणी उडाला तर शॉर्ट आहे. दहा-पंधरा मिनिटांनी उडाला तर लोड जास्त आहे किंवा होल्डरची पकड ढिली होऊन तो तापतोय. फ्यूज धड आणि होल्डरचं प्लास्टिक मात्र पिवळं पडलेलं, वितळलेलं दिसलं, तर नव्याण्णव टक्के दोष पकडीचा. पद्मिनीसारख्या गाड्यांत दोन टोकांत धरलेले चिनीमातीचे फ्यूज असतात. त्यांच्या पत्र्यांवर पुण्याच्या पावसाळ्यात हिरवट थर चढतो. बॅटरी सोडून बारीक पॉलिश पेपरने पत्रे घासा, जरा आत दाबा. पुष्कळदा एवढ्यावर भागतं.

बॅटरी सोडताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. हातातली अंगठी आणि धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा.

शॉर्ट शोधायला फ्यूजमागून फ्यूज जाळू नका. फ्यूज काढा आणि त्याच्या जागी होल्डर व वायरी लावलेला 21 वॅटचा ब्रेकचा बल्ब जोडा. बल्ब पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊच देत नाही, त्यामुळे वायर सुरक्षित राहते. त्या लाइनवरचे दिवे, मोटर सगळ्यांचे कनेक्टर काढूनही बल्ब लख्ख पेटला, तर वायर कुठेतरी बॉडीला टेकलीय. वायरिंग हलवत जा. बल्ब विझला, तिथेच घासलेली जागा. बहुधा पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथलं रबर गेलेलं असतं.

आता लोडचं. हिशेब सोपा आहे: वॅट भागिले 12. मूळचे 60 वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे 10 अँपिअर. हौसेने 100 वॅटचे बसवलेत की साधारण 17, आणि समोरून येणाऱ्याच्या शिव्या फुकट. फ्यूजच्या आकड्याच्या तीन-चतुर्थांशापेक्षा जास्त लोड सतत ठेवू नये. क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमटा धरून करंट मोजणारा, घ्याल तर डीसी मोजणारा घ्या. स्वस्तातले बरेच फक्त एसी मोजतात. साधा मल्टिमीटर हेडलाइटच्या लाइनमध्ये घालू नका, त्याची मर्यादा बहुधा 10 अँपिअर असते.

खरा इलाज म्हणजे मूळ वॅटचे बल्ब परत लावणं आणि हेडलाइटला रिले देणं, म्हणजे थोड्या करंटवर मोठ्या करंटची लाइन चालू-बंद करणारा स्विच. नाना पेठेत रिले, होल्डर मिळतो. लग, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी, आणि तो दाबायची क्रिम्पिंगची पकड तपकीर गल्लीत बघा. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत 15 चा फ्यूज, तिथून 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर रिलेच्या 30 नंबरच्या पिनला, 87 वरून दिव्याला. दिव्याकडे जाणारी जुनी वायर 86 ला, 85 बॉडीला. हाय आणि लो बीमला रिले वेगवेगळे. मग जुन्या स्विचवर फक्त रिलेच्या कॉइलचा किरकोळ करंट उरतो. वायरी पिळून वर टेप गुंडाळणं बंद. लग दाबा, वर स्लीव्ह चढवा.

जळका वास आला तर चावी बंद करा, निगेटिव्ह सोडा, पाणी मारू नका. वायरिंगचा अख्खा जुडगा चिकटलेला दिसला तर पुढे वायरमनचं काम.

नाहीतर, काम झाल्यावर दिवे पंधरा मिनिटं चालू ठेवून बंद करा आणि होल्डरला बोट लावा. कोमट चालेल. बोट टेकवत नसेल, तर लग पुन्हा दाबायचा.