इंग्लंडच्या प्राथमिक शाळेतल्या परीक्षा: नव्याने आलेल्या मराठी आईबाबांसाठी

दर सप्टेंबरात एखादं तरी नवीन कुटुंब इथे येतं, मुलाला शाळा मिळते, आणि दिवाळीच्या आसपास मला फोन येतो. “ताई, इथे सहामाही कधी असते? आणि पुस्तकं कुठे मिळतात?” सहामाही नसते, आणि बहुतेक प्राथमिक शाळांत घरी नेण्याजोगी पाठ्यपुस्तकंही नसतात. मग पालक दोनपैकी एक करतात: इथे अभ्यासच नाही म्हणून हात टेकतात, किंवा दुकानातून सराव पुस्तकांचा गठ्ठा आणून साडेपाच वर्षांच्या पोराला कामाला लावतात. मी पहिल्या मुलीच्या वेळी दुसरं केलं होतं.

मी सांगतेय ते फक्त इंग्लंडचं. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधली पद्धत वेगळी आहे.

आधी इयत्तेचा घोळ. इथे इयत्ता वयावर ठरते. ३१ ऑगस्टपर्यंत पाच वर्षं पूर्ण झालेलं मूल सप्टेंबरात इयर वनमध्ये जातं. त्यामुळे “तिकडे दुसरीत होता, इथे एकदम इयर थ्रीत घातलाय” असं झालं तर घाबरू नका, वर्ष उडालेलं नाही, नुसता आकडा बदललाय. ऑगस्टमध्ये जन्मलेलं मूल वर्गात सगळ्यांत लहान असतं, आणि पहिली दोन-तीन वर्षं ते जाणवतं. शेजारच्या ऑक्टोबरवाल्या मुलीशी त्याची तुलना करू नका, ती त्याच्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठी आहे.

रिसेप्शनला, म्हणजे इयर वनच्या आधीच्या वर्गात, पहिल्या सहा आठवड्यांत एक बेसलाइन चाचणी होते. २०२१ पासून ती सगळ्या सरकारी शाळांत आहे. शिक्षिका मुलाला जवळ घेऊन वीसेक मिनिटं खेळल्यासारखे प्रश्न विचारते. गुण तुम्हाला कळत नाहीत, शाळेलाही आकड्यात कळत नाहीत. सात वर्षांनी, इयर सिक्सच्या शेवटी, या शाळेने मुलांना किती पुढे नेलं हे मोजायला ती नोंद वापरतात. म्हणजे परीक्षा मुलाच्या तोंडून, पण निकाल शाळेचा. इथल्या बऱ्याच चाचण्यांचा हाच प्रकार आहे, आणि एकदा हे डोक्यात बसलं की निम्मी धास्ती कमी होते.

खरी दाणादाण उडते ती इयर वनच्या जूनमध्ये, फोनिक्स चेकला. चाळीस शब्द, मूल आणि ओळखीची शिक्षिका दोघंच, जेमतेम पाच-दहा मिनिटं. चाळीसपैकी वीस शब्द खरे आणि वीस चक्क खोटे, कुठल्याच डिक्शनरीत नसलेले. खोट्या शब्दाशेजारी एका चित्रविचित्र प्राण्याचं चित्र असतं, म्हणून मुलं त्यांना ‘एलियन वर्ड्स’ म्हणतात. हेतू साधा आहे: मूल शब्द पाठ करून ओळखतं की अक्षरांचे आवाज जोडून वाचतं, ते बघायचं. गंमत म्हणजे इथे भराभर वाचणारी मुलंच फसतात. एका वर्षी ‘स्ट्रॉम’ असा खोटा शब्द होता आणि हुशार मुलांनी तो ‘स्टॉर्म’ वाचला. हे मुलाला घरी आधी सांगून ठेवा: एलियन दिसला की शब्द सुधारायचा नाही, दिसतो तसा वाचायचा.

आपल्याकडची अडचण वेगळी. आमची आजी व्हिडिओ कॉलवर नातवाला शिकवायची, “सी ए टी, कॅट.” शाळेत मात्र अक्षरांची नावं नंतर येतात, आधी आवाज. बरं, आवाजही कसा, तर पाय मोडलेला. शिक्षिका मला म्हणाली की तुमचा मुलगा ‘बॅट’ वाचताना पहिल्या आवाजाला शेपूट लावतो. मला काहीच कळेना. मग तिने करून दाखवलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला: तो ‘ब’ म्हणत होता, तिला ‘ब्’ हवा होता! ‘ब’मधला अ मध्ये आला की पुढचा आवाज जोडलाच जात नाही. हे समजायला आपल्याइतकं सोपं कुणालाच नाही, कारण आपण जोडाक्षरं शिकलोय. घरी आल्यावर मी त्याला एवढंच सांगितलं की अक्षराचा पाय मोडून म्हण. ब्, ऍ, ट्. आठवड्याभरात गाडी रुळावर आली.

पास व्हायला किती लागतात, तर गेली अनेक वर्षं ३२. कमी पडले तर शाळा मदत देते आणि इयर टूमध्ये पुन्हा एकदा चेक होतो. वर्ग तोच राहतो, नापास वगैरे भानगड नाही. मूल नुकतंच आलं असेल आणि इंग्रजी अक्षरं-आवाज त्याला समजतच नसतील, तर हेडटीचर त्याला त्या वर्षी चेकमधून वगळू शकतात. हे आपणहून कुणी सांगेलच असं नाही. विचारा.

इयर टूच्या सॅट्सबद्दल, म्हणजे देशभर सारख्याच पेपरांच्या चाचण्यांबद्दल, जुने लोक घाबरवतील. माझ्या दोन्ही मुलांनी त्या दिल्या. आता २०२३-२४ पासून त्या सक्तीच्या नाहीत. काही शाळा स्वतःच्या अंदाजासाठी तेच पेपर वर्गात देतात, तेवढंच.

मग इयर फोर, पाढे. आपण म्हणणार, हा तर आपला हक्काचा प्रांत. मीही तेच म्हटलं होतं. चाचणी स्क्रीनवर असते: पंचवीस प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद, मध्ये तीन सेकंदांची उसंत. पाढे बारापर्यंतच, पण ६, ७, ८, ९ आणि १२ वर जास्त भर, आणि क्रमाने नाही तर उलटसुलट. माझा मुलगा आजोबांकडून पाढे शिकलेला, खणखणीत म्हणायचा, “बारा सत्ते चौऱ्याऐंशी.” आणि टाइप करायचा ४८. तीनदा झाल्यावर लक्षात आलं: चौऱ्याऐंशीत चार आधी ऐकू येतात आणि ऐंशी नंतर, तो ऐकतो त्या क्रमाने बटणं दाबत होता. एकोणपन्नासला तर त्याने सरळ ५९ केले. पाढा पक्का, भाषांतरात सहा सेकंद गेले. शेवटचे दोन महिने आम्ही पाढे इंग्रजीत म्हटले, आणि तेही कीबोर्डवर बोटं ठेवून. आजोबा जरा नाराज झाले. या चाचणीत पास-नापास नाही, किती बरोबर आले तो आकडा फक्त कळतो.

हातच्याबद्दल जाता जाता. आपण हातचा वर लिहितो, इथल्या बऱ्याच वर्गांत तो खाली, रेघेखाली लिहितात. शाळेची पद्धत आधी विचारून घ्या, मग शिकवा. नाहीतर मूल दोघांच्या मध्ये सापडतं.

इयर सिक्सच्या मे महिन्यातल्या सॅट्स अजून लांब आहेत. आत्ता एवढंच: त्यांचे गुण ८० ते १२० मध्ये येतात, १०० म्हणजे अपेक्षित पातळी, आणि पुढच्या शाळेचा प्रवेश त्यावर ठरत नाही. ग्रामर स्कूलची, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी माध्यमिक शाळेची, ‘इलेव्हन प्लस’ ही प्रवेश परीक्षा पूर्ण निराळी आहे. अशा शाळा अख्ख्या इंग्लंडमध्ये १६३ आणि ठरावीक भागांतच. दोन्हींची सरमिसळ करणारे सल्लागार गल्लोगल्ली भेटतील.

पेरेंट्स ईव्हनिंगला जेमतेम दहा मिनिटं मिळतात, आणि इथली शिक्षिका वाईट बातमी गोड करून देते. “ही इज अ बिट वॉब्ली विथ हिज साउंड्स” याचा मराठीत अर्थ: त्याला हे येत नाहीये. मी पहिल्यांदा हसून मान हलवून घरी आले होते. ‘वर्किंग टुवर्ड्स’ म्हणजे अजून अपेक्षित पातळीला पोचलेला नाही, ‘एक्स्पेक्टेड’ म्हणजे ठीक. त्यात ‘ओन्ली एक्स्पेक्टेड?’ असं तोंड करू नका. “छान चाललंय का?” विचारलंत तर “हो” हेच उत्तर येईल. त्यापेक्षा नेमके कुठले आवाज अडतात, ते कागदावर लिहून मागा.

आणि तिकिटांचं. शाळा जुलैच्या उत्तरार्धात सुटते, जूनमध्ये विमान स्वस्त असतं, आणि फोनिक्स आणि पाढे हे दोन्ही चेक जूनमध्येच असतात. फोनिक्सच्या आठवड्यात मूल आजारी पडलं तर पुढच्या आठवड्यात घेतात, पण शाळेच्या परवानगीशिवाय पाच दिवस बुडवून भारतात गेलात तर दंड होऊ शकतो: प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे ८० पौंड, आणि २१ दिवसांत भरले नाहीत तर १६०. दोन मुलं, आई आणि बाबा, असा हिशोब करून मगच तिकीट काढा.